ओरलँडो: पार्कच्याच हॉटेलात राहण्याचे जादा पैसे वसूल होतात का?

कागदीहोडी

या विषयावरच्या जुन्या धाग्यांमधली निम्मी माहिती आता शिळी झाली आहे. विमानतळावरून फुकट नेणारी मॅजिकल एक्सप्रेस बस जानेवारी २०२२पासून बंद, फुकटचे मॅजिकबँड (तिकीट आणि खोलीची किल्ली म्हणून चालणारे मनगटी पट्टे) त्याच्या वर्षभर आधी गेले, हॉटेलवाल्यांना पार्कात सकाळी मिळणारा जादा तास अर्ध्या तासावर आला. तरी 'आतच राहा, पैसे वसूल होतात' हा सल्ला आहे तिथेच आहे. म्हणून नव्याने विचारतेय.

दोन मोठे, दोन मुलं (११ आणि ७ वर्षं), सात रात्री. डिस्नी वर्ल्डचे चारही पार्क आणि युनिव्हर्सलचे जुने दोन. डिस्नीच्या हॉटेलांत व्हॅल्यू, मॉडरेट, डीलक्स असे थर आहेत एवढं माहीत आहे. कोणत्या थरावर पैसे टाकावेत, की सरळ बाहेरचं हॉटेल आणि भाड्याची गाडी? 'तो अनुभवच वेगळा' एवढं सोडून काहीही सांगा. आकड्यांत सांगितलंत तर फारच बरं.

वजाबाकी

आकडे घ्या. खोलीचे भाव रोज बदलतात, त्यामुळे पुढचे आकडे उदाहरणाचे आहेत, बघायची ती पद्धत.

समजा, पॉप सेंच्युरी (व्हॅल्यू थर) २२० डॉलर रात्रीला आणि बाहेरचं बरं हॉटेल १३०. वरवर फरक ९०चा. आता बाहेरच्या बिलाच्या तळाशी जा. रिसॉर्ट फी (खोलीभाड्यावर हॉटेल लावतं ती सक्तीची फी) समजा ३०. कर साडेबारा टक्के, तो रिसॉर्ट फीवरही लागतो, म्हणजे १६०चे १८० झाले. हॉटेलचं पार्किंग २०. पार्कच्या दारातलं पार्किंग ३० धरा. एकूण २३०. तिकडे डिस्नीची २२०ची खोली करासकट २४७.५० आणि तिथेच थांबते. डिस्नी स्वतःच्या हॉटेलांत रिसॉर्ट फी लावत नाही, हॉटेलात रात्रीचं पार्किंग जानेवारी २०२३पासून पुन्हा फुकट केलंय, आणि हॉटेलात उतरलेल्यांना पार्कचं पार्किंगही फुकट. ९०चा फरक साडेसतरावर आला.

आता उलट बाजूने वजा करा. बाहेरच्या हॉटेलात पुष्कळदा नाश्ता भाड्यातच असतो. चार माणसांचा नाश्ता डिस्नीच्या फूड कोर्टात रोज विकत घेतला तर साडेसतराचा फरक एका बैठकीत संपून वर जाईल. पार्कला न जाण्याच्या दिवशी पार्किंगचे ३० मुळात लागतच नाहीत. आणि नाताळ, ईस्टरच्या आठवड्यात डिस्नीचे भाव जसे फुगतात तसे बाहेरचे फुगत नाहीत. त्या तारखांना हे गणित पुन्हा मांडायचं, जुना निष्कर्ष उचलायचा नाही.

म्हणजे व्हॅल्यू आणि बाहेर यांतला फरक वाटतो त्यापेक्षा बराच कमी असतो, आणि डीलक्सचा फरक दिसतो तेवढाच असतो.

नकाशेवाला

वजाबाकींच्या हिशेबात अंतर धरलेलं नाही, आणि ओरलँडोत खरी विक्री अंतराचीच आहे.

कॅलिफोर्नियात १९५५ साली डिस्नीलँड उघडलं तेव्हा भोवतालची जमीन डिस्नीची नव्हती. तिथलं डिस्नीलँड हॉटेलसुद्धा जॅक रॅदर या बाहेरच्या उद्योजकाने बांधलं, डिस्नीकडे ते आलं १९८८मध्ये. कुंपणाला चिकटून मोटेलं उभी राहिली. आजही तिथे हार्बर बुलेव्हार्डवरची काही बाहेरची हॉटेलं पार्कच्या दाराला डिस्नीच्या स्वतःच्या एखाद्या हॉटेलापेक्षा जवळ पडतात. पाच-दहा मिनिटं चालायचं, संपलं.

फ्लोरिडात ती चूक केली नाही. १९६०च्या दशकात वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी गुपचूप सुमारे २७,००० एकर जमीन घेतली आणि पार्क त्याच्या आत खोलवर बसवले. बाहेरच्या हॉटेलातून मॅजिक किंगडमला चालत जाणं शक्यच नाही. ते अंतर आधी तयार केलं आणि आता ते वाचवण्याचे पैसे घेतात. यात वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, पण आपण काय विकत घेतोय ते कळलेलं बरं.

मॅजिक किंगडमचं उदाहरण घ्या. गाडीने किंवा उबरने गेलात तर पार्कच्या दारात पोचत नाही. तळ्याच्या अलीकडे तिकीट अँड ट्रान्सपोर्टेशन सेंटर आहे, गाडी तिथे लावायची. मग चालत किंवा ट्रॅमने स्थानकापर्यंत, तिथून फेरी किंवा मोनोरेल. गाडी बंद केल्यापासून दारापर्यंत अर्धा-पाऊण तास धरा. डिस्नीच्या हॉटेलाची बस मात्र थेट दारापाशी सोडते. कंटेम्पररी हॉटेलातून तर दहा-पंधरा मिनिटांत चालत पोचता येतं.

बाकी तिन्ही पार्कांत (एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज, अॅनिमल किंगडम) गाडीतळ दाराला लागून आहे. तिथे स्वतःची गाडी हॉटेलच्या बसच्या बरोबरीने, कधी आधीही पोचवते. तेव्हा 'आत राहिलं की प्रवास वाचतो' हे एका पार्कापुरतं ठळक खरं आहे, चारांसाठी नाही.

पाऊणतास

+१. त्यात भर घालतो. बाहेरच्या हॉटेलांची 'फ्री शटल' नावाची जी गोष्ट असते तिच्यावर हॉटेल निवडू नका. बस बहुतेक वेळा तीन-चार हॉटेलांत वाटून घेतलेली, फेऱ्या ठरलेल्या आणि मोजक्या, काही ठिकाणी आदल्या दिवशी जागा राखावी लागते. मॅजिक किंगडमच्या प्रवाशांना पुष्कळ शटल त्या ट्रान्सपोर्टेशन सेंटरलाच उतरवतात, म्हणजे पुढची फेरी-मोनोरेल चुकत नाहीच. सकाळची पहिली शटल पार्क उघडण्याच्या वेळेला पोचते, त्याआधी नाही. बाहेर राहणार असाल तर गाडी घ्या.

रांगेतला_शेवटचा

अर्ध्या तासावर कुणी बोललं नाही अजून. डिस्नीच्या कुठल्याही हॉटेलात राहणाऱ्याला, अगदी फोर्ट वाइल्डरनेसमध्ये तंबू ठोकणाऱ्यालाही, रोज, चारही पार्कांत अधिकृत वेळेच्या तीस मिनिटं आधी प्रवेश. चेक-इनचा आणि चेक-आउटचा दिवसही धरून. ऐकायला किरकोळ वाटतं. पण गर्दीच्या पार्कात उघडल्यानंतरचा पहिला तास आणि दुपारचे बारा यांत एकाच राइडची रांग तिप्पट-चौपट होते, म्हणून तो अर्धा तास महाग आहे.

हे वाया जातं ते तीन कारणांनी.

पहिलं, पोचायची वेळ. पार्क ९ला उघडणार, जादा प्रवेश ८:३०चा, म्हणून ८:३०ला दारात गेलात तर हाती काही लागत नाही. सुरक्षा तपासणी, तिकीट, मग आतली चाल. ७:४५ला दारात असायला हवं, म्हणजे बसथांब्यावर ७:१०-७:१५ला. ११ आणि ७ वर्षांची मुलं सलग चार दिवस यासाठी उठतात का, हा प्रश्न हॉटेल निवडण्याआधी स्वतःला विचारायचा. उत्तर 'नाही' असेल तर डिस्नीच्या हॉटेलाची सर्वांत मोठी सवलत तुमच्या हिशेबातून गेली.

दुसरं, सगळ्या राइड त्या वेळेत चालू नसतात. मॅजिक किंगडममध्ये फँटसीलँड आणि टुमॉरोलँड हे दोनच भाग उघडतात. अॅनिमल किंगडममध्ये फ्लाइट ऑफ पॅसेज चालू असते, किलिमांजारो सफारी नसते.

तिसरं, चुकीचं दार. एपकॉटला दोन दारं आहेत. स्कायलायनर (तारेवरचे पाळणे) किंवा बोर्डवॉक हॉटेलाकडून आलात तर इंटरनॅशनल गेटवे, तिथून रेमीज रॅटटूई राइड जवळ. पुढच्या मुख्य दाराने शिरून रेमीकडे धावलात तर अख्खा पार्क ओलांडावा लागतो आणि गेटवेवाले तुमच्या आधी रांगेत असतात. गार्डियन्सची राइड हवी असेल तर उलट, मुख्य दार बरं.

टोकनताई

सकाळी न उठणाऱ्यांसाठी दुसरी सवलत आहे आणि माझ्या मते पैशाच्या हिशेबात तीच जड. लाइटनिंग लेन, म्हणजे राइडची वेळ आधी निवडून छोट्या रांगेने जाणं. (पैसे वेगळे भरावे लागतात. हॉटेलात राहिलं म्हणून ती फुकट मिळत नाही. हा गैरसमज दर धाग्यात निघतो.)

जुलै २०२४पासूनची पद्धत अशी: हॉटेलात राहणाऱ्याला चेक-इनच्या ७ दिवस आधी, ओरलँडोच्या घड्याळाने सकाळी ७ वाजता, अख्ख्या मुक्कामाची (१४ दिवसांपर्यंत) निवड करता येते. बाहेरच्याला प्रत्येक पार्कदिवसाच्या फक्त ३ दिवस आधी. मल्टी पासमध्ये (एका पासात अनेक राइड) सुरुवातीला दिवसाला तीन राइड निवडायच्या. राइज ऑफ द रेझिस्टन्स, ट्रॉन, फ्लाइट ऑफ पॅसेज अशा काहींचे सिंगल पास सुटे घ्यावे लागतात.

यातली मेख 'अख्ख्या मुक्कामाची' या शब्दांत आहे. खिडकी उघडते ती चेक-इनच्या तारखेवरून. म्हणजे मुक्कामाच्या पाचव्या दिवसाची राइड तुम्ही ११ दिवस आधी निवडता. त्या तारखेला नुकतं चेक-इन करणारे अजून रांगेतही नाहीत. म्हणून सर्वांत अवघड पार्क मुक्कामाच्या शेवटी ठेवायचा. बहुतेक कुटुंबांसाठी तो हॉलिवूड स्टुडिओज, कारण स्लिंकी डॉग डॅश सर्वांत आधी संपते. पहिल्या दिवशी हॉलिवूड स्टुडिओज ठेवून मग 'सात दिवसांचा काही उपयोग झाला नाही' म्हणणारे पुष्कळ दिसतात.

जेवणाच्या आरक्षणालाही तेच. ६० दिवस आधी खिडकी उघडते, हॉटेलवाल्यांना त्याच दिवशी मुक्कामाचे पुढचे दहा दिवसही मिळतात. सिंड्रेलाच्या किल्ल्यातलं जेवण किंवा एपकॉटमधलं स्पेस २२० रेस्टॉरंट हवं असेल तर तेही मागच्या तारखांना टाका.

आणि एक खबरदारी. खोली बाहेरच्या संकेतस्थळावरून घेतली तर त्यांचा क्रमांक आणि डिस्नीचा क्रमांक वेगळा असू शकतो. डिस्नीचा क्रमांक मागून घेऊन माय डिस्नी एक्स्पीरियन्स अॅपमध्ये जोडा. पार्कची तिकिटंही त्याच खात्यात हवीत. आरक्षण जोडलेलं नसेल तर प्रणाली तुम्हाला बाहेरचे समजते आणि चेक-इनच्या सात दिवस आधी सकाळी ७ला पडद्यावर काहीच दिसत नाही. हे आठ दिवस आधी तपासायचं, सात दिवस आधी नाही.

कागदीहोडी

टोकनताई, हे 'मागच्या तारखांना' कुठेच वाचलं नव्हतं. वेळापत्रक उलटं लावते.

मॉडरेटबद्दल कुणी बोलत नाहीये. मुद्दाम?

वजाबाकी

मुद्दाम. सवलतींच्या यादीत मॉडरेटला व्हॅल्यूपेक्षा जास्त काही मिळत नाही. तोच अर्धा तास, तेच सात दिवस, तीच बस. रात्रीचे दोन जादा तास फक्त डीलक्स आणि डीलक्स व्हिलावाल्यांना, तेही ठरावीक रात्री ठरावीक पार्कांत. मॉडरेटला मोठी खोली, बरा पोहण्याचा तलाव, शांत आवार मिळतं. ते हवं असेल तर जरूर घ्या, पण मग ते हॉटेलासाठी घेतलं म्हणा, पार्कासाठी नको.

नकाशेवाला

इथे मी वजाबाकींशी अर्धाच सहमत. थर बघू नका, वाहन बघा. २०१९च्या सप्टेंबरात स्कायलायनर सुरू झाल्यापासून थरांचा अर्थ बदललाय. पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ अॅनिमेशन यांचं एक सामायिक स्थानक आहे, कॅरिबियन बीचवर गाड्या बदलायचं मुख्य स्थानक. तिथून हॉलिवूड स्टुडिओज आणि एपकॉट दोन्ही. म्हणजे पॉप सेंच्युरी हे व्हॅल्यूच्या भावात दोन पार्कांना बसविना जोडलेलं हॉटेल आहे, आणि कोरोनाडो स्प्रिंग्ज मॉडरेट असून सगळीकडे बसनेच जातं. माझ्या मते तिथली भावांतली सर्वांत मोठी फट हीच.

कॅरिबियन बीचबद्दल एक इशारा. आवार अवाढव्य आहे, आतच अनेक बसथांबे आहेत. टोकाच्या इमारतीत खोली मिळाली तर स्कायलायनर असूनही रोजची पायपीट आहे. जवळच्या इमारतीसाठी 'प्रिफर्ड' म्हणून जादा पैसे मागतात, ते इथे दिले तर समजू शकतो. पॉपमध्ये सहसा गरज नसते.

स्कायलायनरचा दोष एकच, पण मोठा. वीज चमकली की थांबतं. फ्लोरिडात जून ते सप्टेंबर दुपारी गडगडाट नित्याचा. थांबलं की बस लावतात, पण मोठ्या गर्दीला ती पुरत नाही. उन्हाळ्यात दुपारी हॉटेलवर यायचं असेल तर ढग दिसायच्या आत निघा.

पाऊणतास

दुपारचा विषय निघालाच आहे तर. 'हॉटेल जवळ असलं की दुपारी मुलांना झोपवता येतं' हे सर्वांत जास्त ऐकू येणारं कारण आणि सर्वांत कमी अमलात येणारं. ऑल-स्टार किंवा पॉपला मॅजिक किंगडमहून बसने: दारापर्यंत चाल, वीस मिनिटांपर्यंत बसची वाट, पंधरा-वीस मिनिटं प्रवास, थांब्यापासून खोली. एका बाजूला तास धरा. दोन तास प्रवासात, दोन तास खोलीत. मोनोरेलवरच्या तीन हॉटेलांना (कंटेम्पररी, पॉलिनेशियन, ग्रँड फ्लोरिडियन) हेच वीस-पंचवीस मिनिटांत होतं. म्हणजे दुपारची झोप ही डीलक्सची सवलत आहे, व्हॅल्यूची नाही. ७ वर्षांच्या मुलासाठी तिचे एवढे पैसे मोजावेत असं मला वाटत नाही. ३ वर्षांच्या मुलासाठी विचार करेन.

आणखी, एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात थेट बस नसते. दुसऱ्या हॉटेलात जेवणाचं आरक्षण केलं तर आधी एखाद्या पार्कला किंवा डिस्नी स्प्रिंग्ज या बाजारपेठेला जाऊन बस बदलायची. तासभर आधी निघा किंवा उबर करा.

सातवा_मजला

धागा डिस्नीतच अडकलाय. युनिव्हर्सलचं गणित पूर्ण वेगळं आहे आणि तिथे उत्तर खरोखर 'हो, वसूल' असं येऊ शकतं.

तिथल्या तीन प्रीमियर हॉटेलांत (पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक, रॉयल पॅसिफिक) खोलीतल्या प्रत्येकाला युनिव्हर्सल एक्सप्रेस अनलिमिटेड (लांब रांग टाळणारा पास) भाड्यातच मिळतो. युनिव्हर्सल स्टुडिओज फ्लोरिडा आणि आयलंड्स ऑफ अॅडव्हेंचर, दोन्ही पार्कांत, एकाच राइडवर कितीही वेळा. आणि चेक-इन व चेक-आउट हे दोन्ही दिवस पूर्ण धरतात. म्हणजे एक रात्र, दोन दिवस एक्सप्रेस.

उदाहरणाचेच आकडे. गर्दीच्या दिवशी हा पास सुटा घेतला तर समजा माणशी १५० डॉलर दिवसाला (भाव तारखेप्रमाणे, सुट्ट्यांत याच्या बराच वर). चौघांचे दोन दिवस म्हणजे १२००. रॉयल पॅसिफिकची रात्र समजा ५००, कर आणि पार्किंग धरून ६००. पासच्या निम्म्या पैशांत पास आणि वर झोपायला खोली.

पण हेच पाच रात्री केलं तर ३००० जातात आणि एक्सप्रेस लागतो दोनच दिवस. म्हणून बेत असा की बाकीचा मुक्काम दुसरीकडे, प्रीमियरमध्ये एकच रात्र. पहिल्या दिवशी सकाळी ७-८ला हॉटेलवर पोचा. खोली दुपारी मिळेल, पण चेक-इन नोंदवून पास सकाळीच घेता येतो. सामान बेल डेस्कला ठेवायचं, चालत किंवा होडीने पार्कात. दुसऱ्या दिवशी खोली सोडून सामान पुन्हा डेस्कला आणि पार्क बंद होईपर्यंत एक्सप्रेस.

कुठे फसतं तेही लिहितो. पास फक्त वरच्या दोन पार्कांत. मे २०२५मध्ये उघडलेल्या एपिक युनिव्हर्स या युनिव्हर्सलच्याच नव्या पार्कात हा फुकटचा एक्सप्रेस चालत नाही, व्होल्केनो बे या जलपार्कातही नाही. एपिकला लागून असलेल्या हेलिओस ग्रँडला पार्कात उतरणारं स्वतःचं दार आहे, पण भाड्यात एक्सप्रेस नाही, आणि ते महाग आहे म्हणून असेलच असं धरून बरेच जण फसतात. सफायर फॉल्स, कबाना बे, अव्हेंचुरा, एंडलेस समर, स्टेला नोव्हा, टेरा लुना, यांपैकी कशातच नाही. हॅलोवीन हॉरर नाइट्ससारख्या वेगळ्या तिकिटाच्या कार्यक्रमांना चालत नाही. पार्कचं तिकीट वेगळं घ्यावंच लागतं. आणि आरक्षणात चारही नावं हवीत, खोलीत नोंदवलेल्या माणसांपुरतेच पास.

ऐन मंदीच्या दिवसांत, शाळा नुकत्याच सुरू झालेल्या मधल्या वारी, रांगाच नसतील तर एक्सप्रेसचा उपयोग कमी. तेव्हा एंडलेस समरमध्ये राहा आणि सकाळचा जादा प्रवेश वापरा. तो युनिव्हर्सलच्या सगळ्याच हॉटेलांना मिळतो, पण कोणत्या पार्कात ते तारखेप्रमाणे ठरतं.

रांगेतला_शेवटचा

अवांतर: तोक्योत डिस्नीच्या हॉटेलवाल्यांना 'हॅपी एंट्री' म्हणजे पंधराच मिनिटं मिळतात आणि तेवढ्यासाठीही लोक मीराकोस्ताचे पैसे मोजतात. ते हॉटेल डिस्नीसीच्या आतच आहे म्हणा.

वजाबाकी

धागा जपानला निघाला, परत आणा.

टोकनताई

आणते. 😀 मधला एक पर्याय राहिला. डिस्नीच्या आवारात असूनही डिस्नीची नसलेली हॉटेलं: स्वॉन, डॉल्फिन, स्वॉन रिझर्व्ह. एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज दोन्हींना चालत किंवा होडीने. सकाळचा अर्धा तास मिळतो, डीलक्सचे रात्रीचे दोन तासही मिळतात. मॅरियटचे पॉइंट चालतात. मात्र रिसॉर्ट फी आणि पार्किंग दोन्ही लावतात, त्यामुळे वजाबाकींची पहिली पोस्ट इथे पुन्हा लागू करा. डिस्नी स्प्रिंग्जजवळच्या काही हॉटेलांनाही सकाळचा अर्धा तास आहे. लाइटनिंग लेनचे सात दिवस मात्र 'अर्धा तास आहे म्हणजे तेही असेल' असं धरू नका, हॉटेलच्या नावाने तपासा.

डीलक्स हवंच असेल तर डिस्नीच्या व्हेकेशन क्लबच्या सभासदांकडून पॉइंट (त्यांवर ते खोल्या घेतात) भाड्याने घेणं हा रीतसर मार्ग आहे. त्याच खोलीला डिस्नीच्या भावापेक्षा बरंच कमी पडतं आणि रात्रीचे जादा तासही मिळतात. सभासदाला स्वतःच्या हॉटेलात ११ महिने आधी आणि इतर हॉटेलांत ७ महिने आधी आरक्षण करता येतं, म्हणजे आयत्या वेळी हव्या त्या हॉटेलाचा हट्ट नको. आणि सहसा रद्द करता येत नाही, पैसे गेले ते गेले. खोली रोज आवरत नाहीत, आठवड्याच्या आतल्या मुक्कामाला चौथ्या दिवशी कचरा आणि टॉवेल एवढंच.

पाऊणतास

रद्द करण्यावरून. डिस्नीकडे नुसती खोली घेतली तर पहिल्या रात्रीचं भाडं अनामत, आणि ५ दिवस आधीपर्यंत रद्द केलं तर ते परत. खोली आणि तिकीट एकत्र पॅकेज घेतलं तर ही मुदत ३० दिवसांची होते. पॅकेज स्वस्त पडत असेल तर घ्या, पण नुसतं 'सोपं पडतं' म्हणून पंचवीस दिवसांची मोकळीक देऊन टाकू नका. नुसत्या खोलीचा आणखी फायदा म्हणजे नंतर सूट जाहीर झाली तर जुनं आरक्षण तिच्यात बदलून घेता येतं, त्या भावातल्या खोल्या शिल्लक असतील तोवर. आपोआप कुणी कमी करून देत नाही, आपण मागायचं.

खोलीचा आकार: पॉपची खोली सुमारे २६० चौरस फूट. एक मोठा पलंग, दुसरा भिंतीतून खाली ओढायचा. तो उघडला की टेबल नाहीसं होतं, म्हणजे मुलं झोपल्यावर बसून काही करायला जागा नाही. चौघांना चालतं, पाचव्याला नाही. पाच जण असतील तर हा सगळा धागा बाजूला ठेवून बाहेरचं दोन खोल्यांचं घर बघा, फक्त त्याच्या भावात स्वच्छतेची फी धरा.

किराणा हॉटेलवर मागवता येतो, बेल डेस्क पार्सलामागे थोडी फी घेतं. खोलीत छोटा फ्रिज आहे, मायक्रोवेव्ह नाही, तो फूड कोर्टात. नाश्त्याचं साहित्य पहिल्याच दिवशी मागवलं तर वजाबाकींनी दाखवलेला नाश्त्याचा तोटा बराचसा भरून निघतो. आणि डिस्नी विकते तो पेय पुन्हापुन्हा भरून घ्यायचा मग (प्याला) घेऊ नका, तो फक्त हॉटेलांत भरता येतो, पार्कात नाही. दिवसभर पार्कात असणाऱ्याने तो भरायचा कधी?

कागदीहोडी

सगळ्यांचं वाचून असं बसवतेय. पहिल्या सहा रात्री पॉप सेंच्युरी, नुसती खोली. दुसऱ्या ते पाचव्या दिवशी डिस्नीचे पार्क, हॉलिवूड स्टुडिओज पाचव्या दिवशी. सहावा दिवस मोकळा. सातव्या दिवशी सकाळी सामानासकट रॉयल पॅसिफिक, एक रात्र, सातवा-आठवा दिवस युनिव्हर्सल, आठव्या दिवशी रात्रीचं विमान. गाडी नाही, विमानतळ आणि हॉटेलबदलाला उबर. काही चुकतंय?

सातवा_मजला

रात्रीचं विमान कितीचं आहे? एक्सप्रेसचा दुसरा दिवस संध्याकाळी चारलाच सोडावा लागणार असेल तर निम्मी वसुली गेली. शक्य असेल तर सहावा मोकळा दिवस काढून युनिव्हर्सल एक दिवस अलीकडे आणा. मग पॉपच्या पाच आणि रॉयल पॅसिफिकची एक, सातवी रात्र विमानतळाजवळ साध्या हॉटेलात, सकाळी निघा.

रांगेतला_शेवटचा

सहावा दिवस काढला तर डिस्नी-युनिव्हर्सल मिळून सहा दिवस सलग पार्क होतात, आणि सकाळी ७:१०चा बसथांबा चार दिवस सलग आहेच. ११ वर्षांचं उठेल, ७चं रडेल. विश्रांती मध्ये हवी, चौथ्या दिवशी. एकच गोष्ट बघा: मॅजिक किंगडमचा दिवस टाकताना त्या तारखेला हॅलोवीन किंवा ख्रिसमसची वेगळ्या तिकिटाची पार्टी नाही ना. पार्टीच्या दिवशी साध्या तिकिटवाल्यांना संध्याकाळी ६ला बाहेर काढतात, मग हॉटेल कितीही जवळ असो.

टोकनताई

विश्रांती मध्ये आली तर हॉलिवूड स्टुडिओज सहाव्या दिवशी जातो, म्हणजे स्लिंकीची निवड १२ दिवस आधी. त्याच दिवशी खोली सोडायची आली तरी चालेल, चेक-आउटच्या दिवशीही सकाळचा अर्धा तास आहे. पोचण्याच्या दिवशी दुपारी बारापर्यंत हॉटेलवर येत असाल तर त्या दिवसाचा जलपार्कही बघा. चेक-इनच्या दिवशी जलपार्कात फुकट प्रवेश ही २०२५मध्ये सुरू केलेली सवलत आहे, तुमच्या तारखांना चालू आहे का ते आरक्षण करताना विचारून घ्या. पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत, कारण खोली तीनच्या आधी मिळेलच असं नाही.

नकाशेवाला

वजाबाकींच्या साडेबारा टक्क्यांना एक पुरवणी. ऑल-स्टारची तिन्ही हॉटेलं ऑसिओला काउंटीत येतात, तिथे कर साडेतेरा. पॉपपेक्षा ऑल-स्टार दहा डॉलरने स्वस्त दिसलं तर करासकट अंतिम आकडा बघा, आणि तिथे स्कायलायनर नाही हेही.